समुद्रालाही मृगाची वाट

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ही गोष्ट मराठवाड्यात कोणीही विसरलेले नाही. ११ एप्रिलला मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्यातून एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. ज्या मार्गाने एके काळी बार्शी लाईटची छोटी गाडी धापा टाकत जात असे, त्याच कुर्डुवाडी-बार्शी-येडशी मार्गाने कृष्णेचे पाणी मांजरा खोऱ्यातल्या तहानलेल्या शहराकडे निघाले होते. येडशीच्या स्थानकावरून त्या टाक्या पुढे जाताना पाहणाऱ्यांना दुष्काळ म्हणजे काय, हे वेगळे सांगायची गरज नव्हती.

त्याच एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या उथळ निळ्या पाण्याखाली, प्रवाळ पांढरे पडत होते. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. येडशी बालाघाटच्या डोंगरात, पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा दगड, आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथल्या माणसाने प्रवाळांची काळजी का करावी? पिण्याच्या पाण्याची भ्रांत असताना समुद्रातल्या जिवांचे कौतुक म्हणजे रिकामपणचा उद्योग, असेही कोणी म्हणेल. पण दोन्ही संकटांच्या मुळाशी जाऊ लागलो की वाटा एकत्र येतात.

बोटातले पोवळे आणि समुद्रातले प्रवाळ

पोवळे आपल्या घरात नवे नाही. मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत बसते, आयुर्वेदात प्रवाळ भस्म आणि प्रवाळ पिष्टी आहे. अंगठीतले लाल पोवळे मात्र समुद्राच्या अंधाऱ्या भागात वाढते, त्याला उन्हाची गरज नसते. आज संकटात आहेत ते त्याचे उथळ पाण्यातले भाऊबंद, म्हणजे समुद्रात भिंती आणि बेटे उभारणारे प्रवाळ. जगाच्या सागरतळाचा एक टक्कादेखील भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव जाती जीवनाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाला असतात.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो लहान लहान प्राण्यांचा समूह आहे. प्रत्येक प्राणी म्हणजे एक इवलीशी पिशवी, तोंडाभोवती नाजूक शुंडके आणि खाली स्वतःच बांधलेले चुन्याचे घर. या प्राण्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. ते उन्हात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज या भाडेकरूकडून भागते. बदल्यात शैवालाला सुरक्षित जागा, कर्बवायू आणि नत्र मिळते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही मुख्यतः या शैवालाचाच. भाडेकरू निघून गेला की पारदर्शक कातडीतून आतला पांढरा चुना दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. तो उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी थंड झाले तर उरलेसुरले शैवाल पुन्हा वाढते आणि रंग परत येतो. उपासमार लांबली तर मात्र अंगातली चरबी संपते, प्राणी मरतो आणि त्याच्या घरावर केसाळ शेवाळ चढते.

गव्हाणीत ऊस येतच राहिला तर

प्रवाळ पांढरा पडायला समुद्र किती तापावा लागतो? उत्तर ऐकून मराठवाड्यातल्या माणसाला हसू येईल. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा एक अंश सेल्सिअस जास्त आणि तेही काही आठवडे, एवढे पुरे होते. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा सोसणाऱ्यांना एक अंश म्हणजे काहीच नाही. पण आपल्या शरीराचे तापमान सदतीसवरून अडतीस झाले की आपण ताप आला म्हणतो आणि अंथरूण धरतो. समुद्राचे पाणी हवेसारखे घटकेत तापत नाही नि घटकेत निवतही नाही. त्यातले जीव ठरावीक तापमानाच्या अरुंद पट्ट्यात जगायला सरावलेले असतात.

शास्त्रज्ञ या तापाचा हिशेब 'अंश-आठवडे' अशा मापाने करतात. उंबरठ्यापेक्षा किती अंश जास्त आणि किती आठवडे, यांची ती बेरीज. चार अंश-आठवडे झाले की विरंजनाची भीती सुरू होते आणि आठ झाले की मोठ्या प्रमाणावर मृत्यूची. उपग्रह समुद्राचे तापमान रोज मोजतात, त्यामुळे हा धोका आधी सांगता येतो.

मात्र नुसत्या उष्णतेने सगळे होत नाही. तिला उन्हाची जोड लागते, आणि इथेच हा विषय आपल्या शेताच्या जवळ येतो. शैवालातील हरितकण आणि येडशीच्या रानातल्या कडुनिंबाच्या पानातील हरितकण यांचे मूळ यंत्र एकच आहे. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडत असतात, पुढे रस निघतो आणि आत साखर तयार होते. हरितकणातही एक विभाग ऊन पकडतो आणि दुसरा साखर घडवतो. पाणी तापले की साखर घडवणारा विभाग मंदावतो, ऊन पकडणाऱ्या विभागाची रोजची दुरुस्तीही रेंगाळते. पण सूर्य काही गव्हाण बंद करत नाही. ऊन येतच राहते. वापरली न गेलेली ऊर्जा मग प्राणवायूवर जाऊन आदळते आणि त्याची अतिशय दाहक रूपे तयार होतात. ती शैवालाला जाळतात, तिथून झिरपून यजमानाच्या पेशींना जाळू लागतात. शेवटी आपला अन्नदाताच विषारी झाला, असे पाहून प्रवाळ त्याला बाहेर टाकतो.

म्हणूनच एकाच प्रवाळाची उन्हाकडची वरची बाजू अनेकदा आधी पांढरी होते आणि सावलीतली बाजू तग धरते. १९९८ मध्ये पॅसिफिकमधील सोसायटी बेटांजवळ समुद्र तापूनही विरंजन त्या मानाने कमी झाले. त्या दिवसांत तिथे ढग दाटले होते, हे त्याचे कारण संशोधकांनी दिले. ढगांची सावली प्रवाळांच्या कामी आली.

पळसाची पानगळ

येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीत उन्हाळ्यात गेलेल्यांनी ओकेबोके रान पाहिले असेल. १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेले हे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जंगल पानगळीचे आहे. पाणी कमी, ऊन जास्त, अशा दिवसांत झाड पाने टाकते. पांढरा प्रवाळ पाहिला की या निष्पर्ण रानाची आठवण होते. ऊन पकडणारे यंत्र धोक्याचे ठरले की ते उतरवून ठेवायचे, ही युक्ती दोन्हीकडे दिसते.

पण साम्य इथे संपते. झाडाची पानगळ ठरलेली असते. पान गळण्याआधी झाड त्यातले नत्र आणि इतर मोलाची द्रव्ये खोडात ओढून घेते, मुळांत अन्नाचा साठा असतो, फांदीवर पुढच्या पालवीच्या कळ्या तयार असतात. हा सुज्ञ माणसाचा काटकसरीचा संसार झाला. प्रवाळाचे विरंजन मात्र घर जळताना सामान बाहेर फेकण्यासारखे आहे. त्यामागे ऋतूची तयारी नाही, आणि साठा आहे तो थोड्या आठवड्यांचा.

एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. पळस पाने टाकून केशरी फुलतो, तसे काही प्रवाळही शैवाल गमावल्यावर झगझगीत जांभळे, निळे, पिवळे होतात. शैवाल नसल्याने आत फार प्रकाश परावर्तित होतो, त्याला आवर घालण्यासाठी प्राणी स्वतःची रंगद्रव्ये तयार करतो. ती त्याची छत्री असते. सावली झाली तर शैवाल परत येण्याची शक्यता वाढते, असे ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडले. शिवाय काही प्रवाळ उष्णता सोसणाऱ्या दुसऱ्या जातीचे शैवाल घरात घेतात. त्याची किंमतही असते, कारण हा नवा भाडेकरू साखर कमी देतो आणि प्रवाळ सावकाश वाढतो. दुष्काळात तगणारे बियाणे उत्पन्नाला हलके असावे, तसाच हा प्रकार.

एकच ढग, दोन उपाशी

आता पुन्हा २०१६ कडे येऊ. पेरूच्या किनाऱ्यावर प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षांच्या अंतराने असाधारण तापते. तिथल्या कोळ्यांनी या प्रकाराला 'एल निनो' म्हणजे बाळ येशू असे नाव दिले, कारण तो नाताळच्या सुमारास दिसे. त्या वेळी पावसाचे ढग प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागाकडे सरकतात आणि आपल्याकडे हवा खाली बसू लागते. २०१५-१६ चा एल निनो नोंदींतील सर्वांत बलवानांपैकी एक होता. भारताचा मोसमी पाऊस २०१४ मध्ये सरासरीच्या ८८ टक्के आणि २०१५ मध्ये ८६ टक्के झाला. मराठवाड्यात २०१५ ची तूट सुमारे ४० टक्क्यांची होती. मांजरा धरण कोरडे पडले.

एल निनोचा दुसरा हात समुद्रावर पडतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, पाणी ढवळले जात नाही. वरचा थर तापत जातो. एल निनोनंतरच्या वसंतात हिंदी महासागर नेहमीपेक्षा गरम असतो. अरबी समुद्रात तर एप्रिल आणि मे हे मुळातच सर्वांत तापलेले महिने. पहिला मोसमी पाऊस येतो, ढग ऊन अडवतात, वारा खालचे थंड पाणी वर आणतो, तेव्हा प्रवाळांची सुटका होते. थोडक्यात, मृगाकडे डोळे लावून बसलेला फक्त येडशीचा शेतकरी नसतो. लक्षद्वीपचा आणि मालवणचा प्रवाळही त्याच ढगाची वाट पाहत असतो.

प्रत्येक एल निनो दुष्काळच आणतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, तरी त्या वर्षी देशात पाऊस साधारण सरासरीइतका झाला. मात्र पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, हिंदी महासागरातल्या प्रवाळांचा मोठा संहार झाला. म्हणजे शेत वाचले, समुद्र वाचला नाही. २०२३ मध्ये पुन्हा एल निनो आला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत धाराशिव जिल्ह्यातील धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तालुके होते. एप्रिल २०२४ मध्ये जगातील शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. याआधीची तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातली. चौथ्या खेपेस विरंजन घडवील इतकी उष्णता जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला बसली.

मधली वर्षे कुठे गेली?

एखाद्या दुष्काळाने शेतकरी मोडत नाही. एक वर्ष गेले तर पुढची तीन-चार चांगली वर्षे त्याला उभे करतात. कर्ज फिटते, जनावर पुन्हा दावणीला येते. मोडतो तो दोन संकटांमधले अंतर आटले की. मराठवाड्याने २०१२, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२३ असे फटके खाल्ले. भरीला २०२५ च्या सप्टेंबरात याच धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याकडे पुराने उभी पिके आणि जमीन वाहून नेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तर तेरावा महिना पाण्याचा आला.

प्रवाळांचे नेमके हेच झाले आहे. भराभर वाढणाऱ्या जातींनाही मोठ्या संहारानंतर सावरायला साधारण दहा वर्षे लागतात. लक्षद्वीपला १९९८ नंतर २०१० पर्यंत बारा वर्षे मिळाली, नंतर २०१६ पर्यंत फक्त सहा, आणि २०२४ मध्ये पुन्हा तडाखा. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी तिथल्या नोंदी दोन दशकांहून अधिक काळ ठेवल्या आहेत. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी पाठोपाठ मोठी विरंजने झाली.

या घाईचे कारण उघड आहे. आधारभूत पातळीच वर गेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार हिंदी महासागर १९५० ते २०२० या काळात शतकाला सुमारे १.२ अंश या वेगाने तापला. जी उष्णता पूर्वी फक्त बलवान एल निनोच्या वर्षी येई, ती आता साध्या वर्षीही येऊ शकते. याच संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दिसले, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते हेलकावे असल्याचे मांडले गेले. तापलेला समुद्र म्हणजे प्रवाळांची खासगी अडचण नव्हे. आपल्या शेतावरचा पाऊस तिथूनच निघतो.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, हेच अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासीम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर, बुडालेल्या पठारावर प्रवाळांची मोठी वस्ती आहे. मुंबईत सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअली येथील १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा मुंबईकरांना आपल्या शेजाऱ्याचा पत्ता लागला.

मालवणचे पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नाही. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात. हा गढूळपणा दुधारी आहे. उष्ण दिवसांत तो पडद्यासारखा ऊन अडवतो, पण जास्त झाला की प्रवाळांवर बसून त्यांना गुदमरवतो. इथेही विरंजन चुकलेले नाही. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ च्या सुमारास संशोधकांनी ते नोंदवले. त्यात नौकांचे नांगर, तुटून अडकलेली जाळी आणि प्रवाळावर पाय ठेवून उभा राहणारा हौशी पर्यटक यांची भर. भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतके संरक्षण आहे. पण कायद्याला पाण्याखाली पाहायला डोळे लागतात.

आग कुठे, बंब कुठे

उपाय काय, असा प्रश्न आला की दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणते, सगळा दोष जागतिक तापमानवाढीचा, आपण काय करणार? दुसरे म्हणते, स्थानिक व्यवस्था नीट ठेवा, सारे ठीक होईल. दोन्ही अर्धवट आहेत. लातूरचेच पाहा. पाऊस एल निनोने अडवला, हे खरे. पण धरणाचा तळ केवळ त्यामुळे दिसला नाही. कमी पावसाच्या मुलखात वाढत गेलेला ऊस, खोल खोल जाणाऱ्या विंधन विहिरी, आणि पिण्याच्या पाण्याचा हिशेब शेवटी करण्याची सवय यांनीही आपला वाटा उचलला होता. आभाळाने मारले आणि घरात साठा नव्हता.

प्रवाळांबाबतही असेच आहे. २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर पाहणी झाली, तेव्हा स्वच्छ पाणी किंवा मासेमारीवरील बंदी यांनी तीव्र उष्णतेपासून प्रवाळांना फारसे वाचवले नाही, असे आढळले. ताप अंगात शिरल्यावर पथ्य उपयोगी पडत नाही. आजारातून उठताना मात्र पथ्यच कामाला येते. शेवाळ खाणारे पोपटमासे शिल्लक असतील, गाळ आणि सांडपाणी कमी असेल, तर प्रवाळांच्या नव्या पिलांना बसायला स्वच्छ जागा मिळते आणि भित्त पुन्हा भरते. ऑस्ट्रेलियात खारट पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत फवारून ढग अधिक उजळ करण्याचे, म्हणजे प्रवाळांवर सावली धरण्याचे प्रयोग २०२० पासून चालू आहेत. शेतकऱ्याच्या शेडनेटचीच ही समुद्रावरची आवृत्ती. रोपवाटिका शेडनेटखाली जगते, सगळे शिवार नाही. मूळ ताप उतरवायचा तर कोळसा आणि तेल जाळण्याचे प्रमाण कमी करण्याला पर्याय नाही. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तर जगातील ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती जातील, आणि दोन अंशांवर गेली तर जवळजवळ सर्वच, असे आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने २०१८ मध्ये म्हटले आहे. अर्ध्या अंशाची ही किंमत आहे.

मग येडशीच्या घरात बसून हे वाचणाऱ्याने काय घ्यावे? एक व्यवहारी गोष्ट घेता येईल. समुद्राच्या तापाचे आकडे आता रोज उपलब्ध असतात आणि एल निनोचा अंदाज काही महिने आधी मिळतो. प्रवाळ पांढरे पडल्याची बातमी एप्रिलमध्ये आली की ती दूरच्या कुठल्या बेटाची म्हणून पान उलटू नये. समुद्राचा ताप वाढल्याची ती खूण आहे, आणि त्याच समुद्रावरून येणाऱ्या पावसावर आपली पेरणी ठरते. अशा वर्षी तळ्यातल्या पाण्याचा हिशेब जूनची वाट न पाहता आधी मांडावा, पीक निवडताना पाण्याकडे पाहावे, पिण्याचा वाटा पहिल्यांदा बाजूला काढावा. ग्रामसभेत हा विषय मार्चमध्येच निघाला पाहिजे.

प्रवाळाला ही सोय नाही. त्याला जागा सोडता येत नाही, साठा वाढवता येत नाही, पुढच्या वर्षाचा अंदाज वाचता येत नाही. तो फक्त पांढरा पडू शकतो. आपल्याला वाचता येते, मोजता येते आणि आधी ठरवताही येते. एवढा फरक असून आपण त्याच्यासारखेच ढगाकडे पाहत बसलो, तर पुढच्या पाण्याच्या गाडीचा दोष एकट्या आभाळाला देता येणार नाही.